जंगलात वृक्षारोपण

मोशीत बसून पोरांना जंगल शिकवायचं म्हणजे गच्चीवर उभं राहून पोहायला शिकवण्यातला प्रकार. हात कसे मारायचे, श्वास कधी घ्यायचा, सगळं सांगता येतं. फक्त पाणी नसतं. ज्योतीराम सर गेली कित्येक वर्षं हेच करत आले. पाचवीचा वर्ग, परिसर अभ्यास, धडा 'माणूस आणि जंगल'. धडा सुरू झाला की सरांचा हात सवयीनं खिडकीकडे जातो, कारण डी.एड.ला असताना त्यांच्या मनावर कुणीतरी ठसवलं होतं की आधी मुलांना जवळचं दाखवावं, मग लांबचं. खिडकीतून जवळचं दिसतं ते असं: एक अर्धी बांधलेली बारा मजली इमारत, तिच्या पलीकडे पुरी बांधलेली बारा मजली इमारत, आणि दोघींच्या मधे चादरीएवढं रान, ज्यावर 'ही जागा विकणे नाही' असा बोर्ड आहे. असा बोर्ड लागला की जागेचा सौदा जवळ आला, हे मोशीतलं पाचवीचं पोरही जाणतं.

"सर, आमच्या बिल्डिंगचं नाव ग्रीन फॉरेस्ट आहे," वर्गातून कुणीतरी दरवर्षी सांगतंच.

"अरे काय हे," असं म्हणून सर हात खाली घेतात.

'अरे काय हे' हा सरांचा श्वास. खडू मोडला तरी अरे काय हे, पगार वेळेवर झाला तरी अरे काय हे. माणूस शिडशिडीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, आणि चेहऱ्यावर नुकतीच बस चुकल्याचा भाव. पण पोरं त्यांना घाबरत नाहीत. वैताग हा सरांचा माया करण्याचा प्रकार आहे, हे पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं. शिक्षक सहकाऱ्यांना कळायला दोन वर्षं लागतात. संस्थेला अजून कळलेलं नाही.

सर मूळचे निलंगा तालुक्यातले. त्या बाजूला बाभळ हे झाड आणि दोन बाभळी म्हणजे सावली. पोटासाठी इकडे आले ते आधी चाकणला, यंत्रांचे भाग परदेशी पाठवायची लाकडी खोकी ठोकणाऱ्या एका शेडमध्ये. तिथं खिळे मारता मारता त्यांनी शिक्षक भरतीची परीक्षा काढली आणि मास्तर झाले. म्हणजे सरांनी आयुष्यात लाकूड भरपूर पाहिलं, अगदी डोंगराएवढं पाहिलं. झाडं तुरळक पाहिली. आणि जंगल तर पाहिलंच नव्हतं.

ही गोष्ट बाहेर आली ती सोनूमुळे. सोनू पहिल्या बाकावर बसते आणि तिच्या प्रश्नांना शेवटचा बाक नसतो.

"सर, तुम्ही बघितलंय का जंगल?"

सरांनी खडू खाली ठेवला. "नाही."

"टीव्हीवर?"

"टीव्हीवर बघितलंय."

"मग आम्ही पण बघितलंय," सोनू म्हणाली, आणि वर्गाला वाटलं की धडा संपला.

धडा मात्र सर जीव ओतून शिकवायचे. सगळ्या पोरांना झाड करून हात वर करून उभं करायचे. मग कुऱ्हाडवाला माणूस यायचा. आधी थोडी मोकळी जागा हवी म्हणून दोन झाडं खाली बसायची, मग झोपडीसाठी, मग नांगरासाठी, मग जहाजांसाठी, रेल्वेच्या रुळांखालच्या फळ्यांसाठी, भट्ट्यांसाठी, शेवटी खोक्यांसाठी. शेवटी अख्खा वर्ग फरशीवर. यात सरांना एकच वैताग होता: झाड व्हायला कुणी तयार नसायचं. सगळ्यांना कुऱ्हाड हवी. धम्मरत्नचे वडील कंपनीत सुपरवायझर. त्या पोरानं एकदा कुऱ्हाडवाल्यांची तीन पाळ्यांत वाटणी करून टाकली आणि झाड म्हणून उभं राहायला एकटा ज्ञानदेव उरला.

चार अर्णव आणि तीन विहान असलेल्या वर्गात ज्ञानदेव हे नाव ज्याचं, तो आजोबांचं नाव घेऊन आलेला, हे सांगायला नको. तो हात वर करून उभा राहिला आणि काही केल्या बसेना.

"अरे, तोडलं तुला. बस," कुऱ्हाडवाले म्हणाले.

"मी देवीचं झाड आहे. मला तोडत नसतात."

"असं नसतं."

"असतं. माझ्या आजीच्या गावाला आहे देवीचं रान. तिथली वाळकी काटकीपण आणत नाहीत घरी. आजी सांगते."

सरांनी विचारलं, "कुठं रे तुझ्या आजीचं गाव?"

"खेडच्या तिकडं, धरणाच्या वर. बसनं जाता येतं."

बसनं जाता येतं, हे ऐकून सरांना त्या रात्री झोप लागली नाही. आपण खोटं पोहणं शिकवतोय आणि शेजारच्या तालुक्यात खरंखुरं पाणी आहे, म्हणजे काय. सकाळी त्यांनी बायकोला, स्वरूपाला, सांगितलं, "या वर्षी पोरांना जंगल दाखवायचं. मलाही बघायचंय."

स्वरूपा डबे भरत होती. "दरवर्षी सहल कुठं जाते?"

"वॉटर पार्कला."

"मग पोरांचे आईबाप काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"वॉटर पार्क का नाही, म्हणतील. आणि पोराला गोचीड चावली तर तुमच्या नावानं शंख करतील. न्या, न्या. तुम्ही कधी माझं ऐकलंय?"

पालकांच्या ग्रुपवर नेमकं तेच झालं. एकीनं विचारलं, जंगलात वॉशरूमची सोय आहे का. दुसऱ्यानं विचारलं, याचे मार्क आहेत का. एका आजोबांनी नुसताच नमस्काराचा हात पाठवला. त्याचा अर्थ सरांनी होकार असा लावला.

राहिले संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. मोशीतलं जुनं घराणं. शाळा उभी आहे ती जमीन त्यांचीच. ते रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि मास्तर लोक घरी कधी जातात ते पाहतात.

"मास्तर, जंगल म्हंजे झाडंच ना?"

"हो, अण्णासाहेब."

"मंग आमच्या फार्महाऊसवर चला की. लॉन हाय. पामची झाडं हायती. पोरं मिसळ खातील, घसरगुंडी खेळतील."

"लॉन म्हणजे जंगल नव्हे."

"बरं. तुमच्या त्या जंगलात वाघ हाय का?"

"नाही."

"मंग कसलं वो जंगल?"

अरे काय हे, असं सरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. सर आठवडाभर फाटकाशी उभे राहिले. शेवटी अण्णासाहेबच कंटाळले. "जावा. पर एक करा. वृक्षारोपन करून या. पन्नास रोपं देतो. आमचा सुजित येईल संगं, फोटो काढील. फोटो मातर पायजेच. न्हाईतर पुढल्या साली वाटर पार्क."

सर हो म्हणाले. त्यात खटकावं असं कुणालाच काही वाटलं नाही. या पट्ट्यात कार्यक्रम म्हटला की वृक्षारोपण आलंच, जसा नारळ येतो तसा. कंपनीचा वर्धापनदिन असो, पुलाचं उद्घाटन असो, साहेबाची बदली असो, एका टेकडीवर जायचं, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप ठेवायचं, टाळ्या वाजवायच्या. तेव्हा जंगलात जाऊन झाडं लावायची, हे अण्णासाहेबांना साहजिक वाटलं, सुजितला वाटलं, आणि ज्यांनी इतकी वर्षं जंगल शिकवलं त्या ज्योतीराम सरांनाही वाटलं. जंगलात झाडं आधीच असतात, ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

श्रावण सरता सरता सहल निघाली. पुढं पोरांची बस, मागं सुजितचं पिकअप. त्यात करंज, बहावा, जांभूळ अशी पन्नास रोपं, दोन कुदळी, एक कोयता आणि मोठा बॅनर. सुजित हा अण्णासाहेबांचा भाचा. ठेकेदारी करतो, आणि शाळेच्या मैदानावर गेल्याच वर्षी पेव्हिंग ब्लॉक त्यानंच बसवले. चांगला मनमिळाऊ पोरगा आहे. फक्त मोकळी माती दिसली की त्याला हुरहूर लागते.

चाकणच्या चौकात बस अडकली. हे अडकणं इतकं ठरलेलं असतं की पोरांनी तिथंच डबे उघडले. दोन्ही बाजूंनी कंटेनर आणि ट्रक. एका ट्रकवर लाकडी खोक्यांची चळत आभाळाला टेकलेली. सर खिडकीतून बघत बसले आणि पोरांना म्हणाले, "बघा, हेपण एक जंगलच चाललंय." पोरांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चिवड्यात घातली. अरे काय हे, असं म्हणून सरांनी खिडकी लावून घेतली.

दुपार कलता कलता बस धरणाच्या वरच्या अंगाला पोचली. ज्ञानदेवची आजी, गोजाबाई, रानाच्या तोंडाशी दगडावर बसली होती. पहिलं वाक्य तिनं नातवाला म्हटलं, "किती वाळलास रं," आणि दुसरं सगळ्यांना, "चपला हितंच काढा."

रान काही फार मोठं नव्हतं. डोंगराच्या कुशीत बसेल एवढंच. पण पोरं आत शिरली आणि एकदम गप्प झाली. बाहेर लख्ख ऊन, आत दिवेलागणीची वेळ. पायाखाली ओली पानं, इतकी की पाऊल वाजत नव्हतं. आंब्याचं एक खोड तर असं, की सात पोरांनी हातात हात धरून फेर धरला तरी सातव्याचा हात पहिल्याला लागेना. मनगटाएवढी वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली आणि तिथून कुठं गेली ते दिसतच नव्हतं. उंबर होते, हिरडे होते, आणि बाकीच्यांची नावं सरांना येत नव्हती. ज्या वर्गाला गप्प करायला सरांना रोज पट्टी आपटावी लागते, तो वर्ग पट्टीशिवाय गप्प उभा होता.

सर वर बघत राहिले. मान दुखायला लागली तरी बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "अरे काय हे."

सोनूनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. सरांनी हे वाक्य असं म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मागून सुजित आला, खांद्यावर कुदळ. "सर, खड्डे कुठं घ्यायचे?"

सरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. वीतभर जागा रिकामी नव्हती. जिथं मोठं झाड नव्हतं तिथं लहान झाड होतं, जिथं लहान नव्हतं तिथं त्याहून लहान होतं. सरांचा चेहरा हळूहळू बदलला. पाहुण्याच्या घरी शिधा घेऊन जावं आणि तिथं लग्नाच्या पंगती उठत असाव्यात, तसं झालं त्यांना.

"ही बारकी काढू या की," सुजित म्हणाला.

"अहो, ती झाडंच आहेत. लहान."

"मग आपली तरी कुठं मोठी आहेत?"

सुजितनं पिकअपमधून कोयता आणला. "सर, टेन्शन घेऊ नका. हा कोपरा बघा. थोडी मोकळी जागा करू, पन्नास रोपं दाटीवाटीनं बसवू, बॅनर धरू, फोटो काढू. एवढं मोठं रान, त्यातला एवढासा कोपरा गेला तर कुणाला कळतंय?"

"सर," सोनू म्हणाली, "हे आपल्या धड्यात आहे."

"गप बस," सर म्हणाले. पण त्यांनाही ते कळलं होतं. इतकी वर्षं वर्गात कुऱ्हाडवाला माणूस पहिलं वाक्य हेच म्हणायचा, आणि ते त्याच्या तोंडात घालणारे सरच होते. फक्त त्या माणसानं पुढं झाडं लावायची आहेत म्हणून झाडं तोडली, असं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

सरांनी आशेनं गोजाबाईकडं पाहिलं. म्हातारी आडवी आली तर बरं, आपल्यावरचं टळेल.

गोजाबाई म्हणाली, "माज्याकडं नका बघू. मी काय आडवी पडनार न्हाई, माजं गुडघं दुखत्यात. देवीचं हाय. ज्याला तोडायचंय त्यानं तोडावं, फुडचं त्यानं नि देवीनं बघावं. एकानं पाठीमागं फांदी नेली व्हती."

"मग काय झालं?" सुजितनं विचारलं.

"त्याचा जावई त्याच्याच घरी ऱ्हायला आला. अजून हाय."

सुजितचं नुकतंच लग्न जमलं होतं. जावयाची बाजू त्याला बरी वाटली असावी, कारण तो हसला. गोजाबाईचा सूर मात्र वैतागाचाच. "अन् माजं बघा. दारात एवढं लाकूड पडून कुजतंय, अन् मी ग्यासच्या टाकीची वाट बघत बसते. एक काटकी उचलायची सोय न्हाई. माज्या सासूनं न्हाई उचलली, मी तरी कशी उचलू? लई ताप हाय ह्या रानाचा."

सुजितनं अण्णासाहेबांना फोन लावला. रेंज नव्हती. म्हणजे आता जे काय ठरवायचं ते सरांनीच. फोटो नाही तर पुढल्या वर्षीपासून वॉटर पार्क, आणि पुढल्या वर्षीची पाचवी पुन्हा टीव्हीवरच्या जंगलावर परीक्षा देणार. कोयता चालवला तर निदान वर्षाला एक वर्ग इथं येईल. वर्षाला एक वर्ग आणि वर्षाला एक कोपरा. सरांनी मनातल्या मनात तो हिशेब रान संपेपर्यंत मांडून बघितला. सगळी पोरं त्यांच्याकडं बघत होती, आणि ज्ञानदेव तर असा, की आता हात वर करून उभाच राहील.

सरांनी सुजितच्या हातातून कोयता घेतला. सुजितला वाटलं, सर स्वतः सुरुवात करतायत. त्यानं मोबाईल काढून कॅमेरा सुरू केला. सर सरळ चालत रानाबाहेर गेले, कोयता पिकअपमध्ये टाकला, आणि चपला न घालताच परत आले.

"सुजितराव, रोपं गाडीतच राहू द्या."

"मामांना काय सांगू?"

"सांगा, जागा नव्हती."

"जंगलात?"

"जंगलात."

मग पोरं अंधारून येईपर्यंत रानात हिंडली. कुणी खेकडा पाहिला, कुणी नुसतीच पाठ टेकून बसलं. निघताना गोजाबाईनं प्रत्येकाला खिसे झटकायला लावले. चार पोरांच्या खिशातून बिया निघाल्या आणि एकाच्या खिशातून खेकडा.

परतीच्या वाटेवर सरांनी बसमध्ये पोरांना तळमळून सांगितलं, "झाड लावायचंच तर जिथं झाड नाही तिथं लावावं. कळलं का? जिथं आहे तिथं त्याला त्याचं त्याचं वाढू द्यावं." अर्धा वर्ग झोपला होता. सरांना वाटलं, गेलं वाऱ्यावर. चाकणला बस पुन्हा अडकली आणि रेंज आली. रेंज आली आणि अण्णासाहेब आले.

"मास्तर, जंगलात झाड लावाया जागा न्हवती?"

"नव्हती, अण्णासाहेब."

"मंग काय व्हतं तिथं?"

"झाडं."

अण्णासाहेब म्हणाले, "सोमवारी येतो म्या शाळंत," आणि फोन ठेवला.

रविवार सरांनी कसा काढला ते स्वरूपाला विचारावं. "वॉटर पार्कला गेला असता तर आत्ता पाय वर करून झोपला असता," असं ती दिवसातून अनेकदा म्हणाली, आणि सरांच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली.

सोमवारी सर शाळेत पोचले तेव्हा फाटकाशी अण्णासाहेबांची गाडी नव्हती. हायसं वाटून त्यांनी स्कूटर आत घेतली आणि तिथंच थांबवली. मैदानाच्या कडेचे पेव्हिंग ब्लॉक उपटून एकावर एक रचलेले. शाळेच्या शिपायाची कुदळ अर्णवांपैकी एकाच्या हातात. सुजितनं फाटकाजवळ उतरवून ठेवलेली रोपं ओळीनं मांडलेली. आणि ढिगाऱ्यावर उभा राहून धम्मरत्न हाताखालच्या माणसांना कामं सांगत होता.

रागाला गेलं की सरांच्या तोंडून निलंगा बाहेर पडतो. "काय करलालाव रे तुम्ही?"

"सर, मोकळी जागा करतोय," धम्मरत्न म्हणाला. "फर्स्ट शिफ्टनं ब्लॉक काढले. आता सेकंड शिफ्ट खड्डे घेतेय. सोनू ओव्हरटाइमला आहे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळ्यांनी चकित होऊन सरांकडं पाहिलं. "तुम्हीच. बसमध्ये. जिथं झाड नाही तिथं लावावं म्हणून. इथं एक पण नाही."

इतकी वर्षं सर शिकवत होते आणि पोरं ऐकत नव्हती, हाच त्यांचा मोठा वैताग होता. आता पोरांनी ऐकलं होतं. सरांना ब्रह्मांड आठवलं. "बसवा परत. आधी परत बसवा सगळे," असं म्हणत ते स्वतः गुडघ्यांवर बसले आणि एक ब्लॉक जागेवर ठेवायला गेले. तो बसेना. दुसरा ठेवला, तो डुगडुगला. ब्लॉक काढायला पोरं पुरतात, बसवायला सुजित लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं तेवढ्यात मागं गाडीचं दार वाजलं.

अण्णासाहेब उतरले. त्यांनी उपटलेले ब्लॉक पाहिले. वरच्याच एका ब्लॉकवर 'सौजन्य' असं लिहून खाली त्यांचं नाव कोरलेलं होतं. ती अक्षरं नेमकी उलटी पडली होती. सर उभे राहिले. हाताला माती, गुडघ्यांना माती.

"पोरांचा दोष नाही, अण्णासाहेब. मी शिकवलं ते."

अण्णासाहेब काठी टेकत खड्ड्यापाशी गेले, वाकून आत बघितलं. आत काळीभोर माती होती, वर्षभर दडपलेली. त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चुरगळली. हितं आमची ज्वारी असायची, असं काहीतरी ते पुटपुटले. कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

मग एकदम कडाडले, "ह्यो खड्डा हाय का वाटी?"

पोरं दचकली.

"वाटीत झाड लावतोस व्हय रं? मुळ्या काय आकडून बसतील का? कुदळ आण हिकडं. मास्तर, बघत काय उभं ऱ्हायलाय, धोतर धरा माजं." आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं चपला काढून बाजूला ठेवल्या, दोन घाव घातले, दम लागला तसा कुदळ सरांच्या हातात दिली आणि उरलेली सकाळ खुर्चीवर बसून शिव्या घालत खड्डे घेऊन घेतले. सुजित धावत आला तेव्हा त्यालाही एक खड्डा मिळाला. आपणच बसवलेले ब्लॉक आपणच काढताना त्याचा चेहरा लग्न मोडल्यासारखा झाला होता.

पन्नास रोपं काही मावली नाहीत. मावली तेवढी लागली, बाकीची पोरं घरी घेऊन गेली आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर 'हे गॅलरीत कुठं ठेवायचं' यावरून नवा दंगा उसळला. अण्णासाहेबांनी फोटो काढून घेतला. देवीच्या रानात पुढच्या वर्षी पाचवी जाणार हेही ठरलं, पण 'कोयत्याबिगर', असं ते सुजितकडं बघून म्हणाले. आणि गाडीत बसता बसता काच खाली करून त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात पानी कोन घालनार?"

पोरांनी एका सुरात सरांचं नाव सांगितलं.

मे महिन्यात स्वरूपा घरच्या पोरांना घेऊन सरांशिवायच निलंग्याला गेली. जाताना म्हणाली, "झाडांना सांगा, तुमच्या वैनींनी विचारलंय." सर मागं राहिले. रोज उजाडायच्या आत स्कूटरवर दोन कॅन बांधून शाळेत जातात, कारण बोअरला पाणी येतं तेव्हा वीज नसते आणि वीज असते तेव्हा पाणी. करंज रुजले. बहाव्यांना नवी पानं आली. काही रोपं वाळली. एक शेळीनं खाल्लं, आणि शेळी कुणाची हे माहीत असूनही सरांना तिच्या मालकाशी भांडता आलं नाही, कारण तो पालक आहे.

कोपऱ्यातलं एक जांभूळ मात्र मरतही नाही आणि वाढतही नाही. लावलं तेव्हा जेवढं होतं तेवढंच. सर शेवटचं मगभर पाणी त्याच्यासाठी राखून ठेवतात, समोर उकिडवे बसतात आणि निकालाच्या दिवशी पोराला बोलावून घ्यावं तशा आवाजात विचारतात, "तुझं नेमकं काय चाललंय? शेजारचा बहावा बघ, खिडकीला लागला. तुला पाणी कमी पडलं का? ऊन कमी पडलं का? नाही ना? मग?"

सर थोडा वेळ थांबतात, उत्तर सुचायला वेळ द्यावा म्हणून, आणि मग रिकाम्या कॅनच्या तळाशी उरलेलं पाणीही त्याच्या बुडाशी ओततात.